बैल जुंपलेला रथ

दत्तजयंतीच्या सुमारास सारंगखेड्याला तापीकाठी घोड्यांचा बाजार भरतो. मारवाडी, काठेवाडी जनावरांची ती गर्दी पाहिली की घोडा हा याच मातीतला प्राणी असावा, असे वाटू लागते. वस्तुतः तो परका पाहुणा आहे. आजच्या पाळीव घोड्याचे मूळ व्होल्गा-डॉनच्या गवताळ प्रदेशात असून इ.स.पू. २०००च्या सुमारास तो तेथून झपाट्याने पसरला, असे २०२१ साली प्रसिद्ध झालेले जनुकीय संशोधन सांगते.

शहादा तालुक्यातच, तापी-गोमाईच्या संगमावर प्रकाशे आहे. बी. के. थापर यांनी १९५५मध्ये तेथे उत्खनन केले, तेव्हा सर्वांत खालच्या थरात ताम्रपाषाणयुगीन वसाहत मिळाली. ती इ.स.पू. दुसऱ्या सहस्रकातली, म्हणजे घोडा जगभर निघाला त्याच युगातली. तो तेव्हाच तापीकाठी पोचला असता तर?

या प्रश्नाला सोपे उत्तर देण्याचा मोह होतो : वेग आला असता, राज्ये उभी राहिली असती, इत्यादी. उत्तर अमेरिकेचे उदाहरण हाताशी असतेच. तेथला मूळ घोडा सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी नष्ट झाला होता. स्पॅनिशांनी तो पुन्हा आणल्यावर दोन-तीन शतकांत गवताळ मैदानांवरील जमातींचे सारे जीवन पालटले. पण तेथे गवत अमाप होते, आणि ओढकामाला कुत्र्याखेरीज दुसरे जनावर नव्हते. आपल्याकडे बैल होता.

दायमाबादचा रथ आठवावा. १९७४मध्ये प्रवरेकाठी सापडलेल्या चार ब्राँझ शिल्पांपैकी हा एक. बाकीची हत्ती, गेंडा आणि रेडा. त्यांच्या काळाविषयी मतभेद आहेत. मात्र रथात पुरुष उभा आहे आणि पुढे जुंपले आहेत ते बैल! रथ म्हटला की अश्व, हे आपल्या काव्यपरंपरेने मनावर ठसवलेले समीकरण या शिल्पकाराला ठाऊकच नव्हते.

घोडा ठसठशीतपणे दिसतो तो पुढे, लोहयुगातल्या विदर्भात. नागपूरजवळच्या माहुरझरीच्या शिळावर्तुळांत माणसांबरोबर घोडेही पुरलेले आढळले, त्यांच्या तोंडावरच्या तांब्याच्या अलंकारांसह. मला हा पुरावा फार बोलका वाटतो. शेत बैलच नांगरत राहिला. बदलले ते मानाचे स्वरूप. कोण उंचावर बसणार आणि मेल्यावर कोणाबरोबर काय पुरले जाणार, हे घोड्याने ठरवले.

शिवाय तो येथे नीट रुजलाच नाही. उत्तम घोडा समुद्रापलीकडून विकत आणावा लागे. ठाण्याच्या राजाने चाच्यांशी करार करून लुटीतले घोडे स्वतःसाठी राखून ठेवले होते, असे मार्को पोलोने तेराव्या शतकाच्या अखेरीस नोंदवले आहे. राजानेच चाच्यांशी संगनमत करावे, इतकी ही गरज निकडीची! (भीमथडीच्या तट्टांनी मराठ्यांची दौड पेलली हे खरे, पण तो स्वतंत्र लेखाचा विषय.) तेव्हा प्रकाश्याला घोडा हजार वर्षे आधी आला असता, तर शेतकऱ्याच्या गोठ्यात तो फारसा दिसला नसता, गावात एखादा वाडा मात्र कदाचित लवकर उठला असता.

आणि ज्यांच्या दारी तो आला नाही, त्यांचे काय? नर्मदेपलीकडे, नंदुरबारला लागून असलेल्या छोटा उदेपूर भागात राठवा आदिवासी घराच्या भिंतीवर पिठोरा रंगवतात. त्या चित्रात देव येतात ते घोड्यांवरून, रांगेने. बैलही असतात तेथे, नांगराला जुंपलेले.