इन-इअर हेडफोनचे ट्यूनिंग

इन-इअर हेडफोनचे ट्यूनिंग म्हणजे कर्णनलिकेत बसणाऱ्या हेडफोनच्या टिप आणि फिल्टर बदलून त्याच्या ध्वनीचा समतोल ऐकणाऱ्याच्या कानाला व आवडीला अनुरूप करून घेणे. टिप म्हणजे हेडफोनच्या टोकावर चढवलेले सिलिकोनचे किंवा फोमचे मऊ आवरण. बोलीभाषेत त्याला नुसते ‘रबर’ असेही म्हणतात. फिल्टर हा नळीच्या तोंडाशी किंवा हेडफोनच्या कवचावरील छिद्रात बसवला जाणारा लहानसा भाग असून त्यात बारीक जाळी, फोमचा तुकडा किंवा अरुंद मार्ग असतो.

वाद्य स्वरात लावणे या अर्थी ‘ट्यूनिंग’ हा शब्द परिचित आहे. येथे मात्र स्वराची उंची बदलत नाही. बदलते ते खालच्या, मधल्या आणि वरच्या वारंवारतांचे परस्परांतील प्रमाण. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सरकवलेला दोरा षड्ज न बदलता जवारी खुलवतो किंवा मिटवतो, तशाच जातीचा हा बदल आहे.

कर्णनलिका आणि ध्वनी

प्रौढ माणसाची कर्णनलिका सुमारे २५ मिलिमीटर लांब असते. तिचे बाहेरचे तोंड उघडे आणि आतले टोक कानाच्या पडद्याने बंद असल्यामुळे ती एका बाजूने बंद असलेल्या नळीप्रमाणे वागते आणि ३ किलोहर्ट्झच्या आसपासचे ध्वनी नैसर्गिकरीत्या वाढवते. मेंदूला ही वाढ जन्मापासून सवयीची असते. इन-इअर हेडफोन घालताच नलिकेचे उघडे तोंड बुजते व हा अनुनाद नाहीसा होतो. म्हणून हेडफोन घडवणाऱ्याला ३ किलोहर्ट्झच्या परिसरातील उठाव स्वतः निर्माण करावा लागतो. तो कमी पडला तर गायकाचा आवाज मागे गेल्यासारखा वाटतो आणि अधिक झाला तर कर्कश होतो.

बुजलेल्या नलिकेत एक नवा अनुनादही निर्माण होतो. हेडफोनचे टोक आणि पडदा यांच्यामधील अंतर २० मिलिमीटर राहिले तर तो साधारण ८.५ किलोहर्ट्झला येतो. हेडफोन आणखी खोल जाऊन अंतर १५ मिलिमीटर झाले तर सुमारे ११.५ किलोहर्ट्झला सरकतो. ‘स’ आणि ‘श’ यांसारख्या वर्णांची धार व झांजेची चमक याच पट्ट्यात असल्याने पाच मिलिमीटरच्या फरकानेही ध्वनीचा पोत बदलतो. एकच हेडफोन एका श्रोत्याला टोचरा आणि दुसऱ्याला गुळगुळीत वाटण्याचे हे एक मुख्य कारण आहे.

टिप

ट्यूनिंगची सुरुवात टिपपासूनच व्हावी लागते, कारण टिप नीट बसली नसेल तर फिल्टरच्या कोणत्याही बदलाला अर्थ उरत नाही. हेडफोन आणि पडदा यांच्यामध्ये कोंडलेली हवा एक-दोन घनसेंटिमीटर इतकीच असते. इतक्या लहान पोकळीत अगदी छोटा ड्रायव्हरही खालच्या वारंवारतांचा पुरेसा दाब निर्माण करू शकतो. अट एवढीच की पोकळी हवाबंद असली पाहिजे. टिपच्या कडेला केसाएवढी फट राहिली तरी खालच्या स्वरांचा दाब तेथून निसटतो, वरचे स्वर मात्र जवळजवळ तसेच राहतात. परिणामी आवाज पातळ व तीक्ष्ण होतो आणि श्रोता दोष हेडफोनला देतो. महागडा हेडफोन ‘बास नाही’ म्हणून बाजूला ठेवला जातो, त्यामागे पुष्कळदा चुकीच्या मापाची टिप असते.

बैठक तपासण्याचा सोपा उपाय असा: खालचे स्वर सतत असलेले एखादे ध्वनिमुद्रण, उदाहरणार्थ तबल्याची साथ, मध्यम आवाजात लावून हेडफोन बोटाने हलकेच आत दाबावा. दाबल्यावर डग्ग्याचा घुमारा एकदम वाढला, तर टिप लहान आहे किंवा वाकडी बसली आहे. तोंड उघडून, चावल्यासारखे करूनही पाहावे. जबड्याच्या हालचालीने कर्णनलिकेचा आकार बदलतो व सैल बैठक उघडी पडते. दोन्ही कान सारखे असतातच असे नाही. उजव्या कानाला मध्यम आणि डाव्याला लहान टिप लागणे यात काही वावगे नाही.

सिलिकोनची टिप टिकाऊ व धुता येण्याजोगी असते. तिला छत्रीसारखी एक, दोन किंवा तीन कडा असतात; तीन कडांची टिप खोल जाते व बाहेरचा आवाज चांगला अडवते, परंतु सर्वांना ती सोसत नाही. फोमची टिप बोटांत दाबून बारीक करावी, दुसऱ्या हाताने कानाची पाळी वर व मागे ओढून नलिका सरळ करावी आणि टिप आत घालून ती फुगेपर्यंत काही सेकंद धरून ठेवावी. फोम नलिकेच्या आकारानुसार पसरत असल्याने बैठक घट्ट होते. शिवाय तो वरच्या वारंवारता थोड्या शोषतो, त्यामुळे टोचऱ्या हेडफोनला तो उपकारक ठरतो. मात्र घाम व तेलाने त्याचा लवचीकपणा जातो आणि तो वरचेवर बदलावा लागतो.

टिपच्या मधल्या छिद्राचा व्यासही महत्त्वाचा आहे. रुंद छिद्राची टिप साधारणपणे वरचे स्वर मोकळे ठेवते. अरुंद छिद्र ते मवाळ करते. टिप नळीवर किती खाली चढली यावरही परिणाम अवलंबून असल्याने हा नियम प्रत्येक हेडफोनला सारखा लागू पडत नाही. खरेदी करताना नळीचा व्यास जुळतो का हे पाहणे आवश्यक आहे, अन्यथा टिप कानात निसटून राहण्याचा धोका असतो.

फिल्टर

फिल्टरचे कार्य मुख्यतः दोन ठिकाणी घडते. पहिले ठिकाण म्हणजे ड्रायव्हरच्या पुढील नळी. तेथील जाळी किंवा फोम हवेच्या हालचालीला विरोध करतो आणि अनुनादाची शिखरे बोथट करतो. खालच्या स्वरांवर त्याचा परिणाम अल्प असतो. हा विरोध ध्वनिक ओहम या एककात मोजतात. श्रवणयंत्रांसाठी बनवल्या जाणाऱ्या नोल्स कंपनीच्या डॅम्परमध्ये तो रंगावरून ओळखतात: पांढरा ६८०, तपकिरी १०००, हिरवा १५००, लाल २२००. आकडा जितका मोठा तितके शिखर अधिक दबते.

दुसरे ठिकाण म्हणजे कवचावरील छिद्र. पडद्यासारखा हलणारा डायनॅमिक ड्रायव्हर असलेल्या हेडफोनमध्ये मागील पोकळीला बारीक वाट ठेवलेली असते. ही वाट मोकळी असेल तर पडदा सहज हलतो व खालचे स्वर वाढतात. ती फिल्टरने अडवली की कोंडलेली हवा स्प्रिंगप्रमाणे विरोध करते आणि खालचे स्वर आवरतात. पुढील पोकळीतील छिद्राचा परिणाम याच्या उलट होतो, कारण तेथून दाब बाहेर निघून जातो. हौशी श्रोते या छिद्रांवर वैद्यकीय कागदी पट्टीचा तुकडा चिकटवून हाच बदल घडवतात. पुढील छिद्र पूर्णपणे बुजवल्यास हेडफोन घालताना पडदा दाबला जाऊन चरचर आवाज येऊ शकतो.

उत्पादक फिल्टरना ‘बास’, ‘रेफरन्स’ किंवा ‘ट्रेबल’ अशी नावे देतात. ती शब्दशः घेऊ नयेत. नळीत बसवायचा ‘बास’ फिल्टर बहुधा बास वाढवत नाही. तो वरचे स्वर कमी करतो. श्रोता उणीव भरून काढण्यासाठी आवाज वाढवतो आणि त्या वाढीबरोबर बास वर येतो.

विकास

या पद्धतीचे मूळ श्रवणयंत्रांत आहे. कानामागील श्रवणयंत्राच्या नळीतील अनुनाद दाबण्यासाठी तिच्यात डॅम्पर बसवत असत. श्रवणशास्त्रातील अमेरिकन अभियंता मीड किलियन यांनी १९८३ मध्ये एटिमॉटिक रिसर्च ही संस्था स्थापन केली. तिचा ईआर-४ हा इन-इअर हेडफोन १९९१ मध्ये आला. त्याच्या नळीतील फिल्टर वापरणाऱ्यास बदलता येत असे. तो प्रामुख्याने मळ अडवण्यासाठी व शिखर दाबण्यासाठी होता, आवडीनिवडीसाठी नव्हे. याच संस्थेच्या संगीतकारांसाठीच्या कर्णरक्षकांतही ९, १५ व २५ डेसिबेलचे बदलते फिल्टर वापरले गेले.

आवड म्हणून फिल्टर बदलण्याची प्रथा २०१० नंतर रुळली. ऑस्ट्रियन एकेजी कंपनीच्या के३००३ (२०११) या हेडफोनसोबत तीन प्रकारचे फिल्टर मिळत. शूरच्या एसई८४६ (२०१३) मध्ये निळा समतोल, पांढरा तेजस्वी आणि काळा उबदार अशा तीन नळ्या होत्या. निळ्याच्या तुलनेत इतर दोन १ ते ८ किलोहर्ट्झचा पट्टा सुमारे २.५ डेसिबेलने वर किंवा खाली नेत. ग्लासगोच्या आरएचए कंपनीने टी१०आय (२०१४) मध्ये आट्यांचे धातूचे फिल्टर दिले. चिनी बनावटीच्या एफएलसी ८एस मध्ये तीन ठिकाणी अनुक्रमे ३, ३ आणि ४ पर्याय असल्याने ३६ जुळण्या शक्य होतात. त्यातील अनेकांमधला फरक सूक्ष्म आहे आणि ते इवले भाग हाताळणे जिकिरीचे आहे.

तुलना व मापन

दोन फिल्टरांची तुलना करताना दोन्ही वेळा आवाजाची पातळी सारखी ठेवणे ही पहिली अट होय. किंचित मोठा आवाज कानाला नेहमी ‘चांगला’ वाटतो. ही चूक टाळली नाही तर निवड फिल्टरची न होता पातळीची होते. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, आणि प्रत्येक बदलानंतर परिचित ध्वनिमुद्रण काही दिवस ऐकावे, कारण कान नव्या समतोलाला सरावतो.

प्रयोगशाळेत कर्णनलिकेची प्रतिकृती असलेल्या कपलरने मापन होते. आयईसी ७११ या १९८१ च्या मानकाची जागा २०१० मध्ये आयईसी ६०३१८-४ ने घेतली. असे आलेख ८ ते १० किलोहर्ट्झच्या वर जपूनच वाचावेत, कारण तेथे प्रत्यक्ष कान आणि प्रतिकृती यांच्यात मोठा फरक पडतो. हर्मन कंपनीत शॉन ऑलिव्ह व त्यांच्या सहकाऱ्यांनी श्रवणचाचण्यांवरून इन-इअर हेडफोनसाठी तयार केलेला लक्ष्य-आलेख आज तुलनेसाठी सर्वत्र वापरला जातो. तो बहुसंख्य श्रोत्यांची पसंती दाखवतो. प्रत्येकाने तीच स्वीकारावी असा त्याचा अर्थ नाही.

मोबाइल फोनमधील इक्वलायझरने हेच काम अधिक काटेकोरपणे व विनामूल्य होते. फिल्टरचा लाभ असा की एकदा बसवल्यावर तो कोणत्याही उपकरणाबरोबर काम करतो. टिपची फट मात्र इक्वलायझरने बुजत नाही.

श्रवणसुरक्षा

घट्ट बैठकीचा सर्वांत मोठा फायदा श्रवणशक्तीला होतो. रेल्वेत किंवा बसमध्ये सैल टिप घालणारा श्रोता बाहेरच्या गोंगाटावर मात करण्यासाठी आवाज वाढवत जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढांसाठी ८० डेसिबेल पातळीला आठवड्याला ४० तास ही मर्यादा आहे. पातळी ३ डेसिबेलने वाढली की सुरक्षित वेळ निम्मा होतो, म्हणजे ८६ डेसिबेलला केवळ १० तास उरतात. मुलांसाठी ४० तासांची हीच मर्यादा ७५ डेसिबेलला आहे. वर सांगितलेल्या ‘बास’ फिल्टरबाबत ही गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी लागते, कारण तो आवाज वाढवण्याची सवय लावतो. रस्त्यावर चालताना किंवा वाहन चालवताना बाहेरचे आवाज अडवणारे हेडफोन वापरणे धोक्याचे आहे.

निगा

एका बाजूचा आवाज हळूहळू मंद होणे हे बहुधा बिघाडाचे नव्हे, तर जाळीत मळ साठल्याचे लक्षण असते. बदलता फिल्टर काढून दुसरा बसवल्यावर आवाज परतला तर निदान पक्के होते. जाळीत टाचणी घालू नये. मळ आत ढकलला जातो आणि जाळी फाटते. कोरडा मऊ ब्रश वापरावा व हेडफोनचे तोंड खाली धरावे. सिलिकोनची टिप काढून कोमट साबणपाण्यात धुवावी आणि पूर्ण वाळल्यावरच चढवावी. आट्यांचे फिल्टर बोटांनी बसतील इतकेच पिळावेत, आणि रबरी कडी असल्यास ती जागेवर आहे याची खात्री करावी. ती हरवली की तेथून हवा निसटते.

कान वाहत असताना किंवा दुखत असताना इन-इअर हेडफोन घालू नये, तसेच टिप दुसऱ्याबरोबर वाटून वापरू नये. टिप कानात अडकल्यास चिमट्याने किंवा पिनेने ओढण्याचा प्रयत्न न करता कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जावे.