हृदयातील साधी गाठ आणि हृदयविकाराचा झटका

हृदयविकाराचा झटका म्हटले की धूम्रपान, मधुमेह, रक्तदाब आणि वाढलेले कोलेस्टेरॉल हीच कारणे डोळ्यांसमोर येतात. मात्र यांपैकी एकही कारण नसताना, ऐन तिशी-चाळिशीत झटका आलेल्या काही मोजक्या रुग्णांत दोष रक्तवाहिन्यांचा नसतो. हृदयाच्या पोकळीत वाढलेली, कर्करोगाची नसलेली गाठ हे त्याचे मूळ असते.

हृदयातच उगम पावणाऱ्या गाठी दुर्मिळ आहेत. शवविच्छेदनाच्या नोंदींनुसार त्यांचे प्रमाण १० हजारांत सुमारे २ इतके आहे. त्यांतील सुमारे तीन चतुर्थांश गाठी कर्करोगाच्या नसतात. प्रौढांमध्ये सर्वाधिक आढळते ती 'मिक्सोमा' ही गाठ. तीही पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये अधिक. बहुतेक मिक्सोमा हृदयाच्या वरच्या डाव्या कप्प्यात, दोन कर्णिकांमधील पडद्याला देठाने चिकटलेले असतात. जेलीसारखी मऊ अशी ही गाठ ठोक्यागणिक झडपेच्या तोंडाशी ये-जा करते. रक्ताची वाट अडली की धाप लागते, चक्कर येते, प्रसंगी शुद्ध हरपते. काहींना केवळ बारीक ताप येतो, वजन घटते आणि सांधे दुखतात. साहजिकच निदान भलत्याच दिशेने जाऊ शकते.

वैद्यकीय परिभाषेत अशा गाठीला 'सौम्य' म्हणतात. हा शब्द फसवा आहे. गाठ कर्करोगाप्रमाणे इतर अवयवांत फैलावत नाही, एवढाच त्याचा अर्थ. तिचा ठिसूळ तुकडा किंवा तिच्यावर साचलेली रक्ताची गुठळी सुटली, तर ती रक्ताबरोबर थेट महाधमनीत येते. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांची मुखे महाधमनीच्या अगदी आरंभी, प्रवाहाशी जवळपास काटकोनात असल्याने बहुतेक तुकडे पुढे निघून जातात आणि अनेकदा मेंदूत अडकतात. म्हणूनच या रुग्णांत हृदयविकारापेक्षा पक्षाघाताचे प्रमाण अधिक. पण एखादा तुकडा हृदयधमनीत शिरलाच, तर येणारा झटका नेहमीसारखाच असतो. ईसीजीवरून फरक कळत नाही. अँजिओग्राफीत धमन्या कधीकधी चक्क स्वच्छ दिसतात, कारण तोवर तुकडा विरलेला किंवा पुढे सरकलेला असतो. अडथळा गाठीच्या पेशींचाच असेल, तर गुठळी विरघळवणारी औषधेही निष्प्रभ ठरू शकतात.

'पॅपिलरी फायब्रोइलॅस्टोमा' ही दुसरी गाठ झडपांवर वाढते. आकाराने साधारण एक सेंटिमीटर, बारीक झालरींची. पाण्यात ठेवली तर समुद्रफुलासारखी पसरते. महाधमनीच्या झडपेवर असल्यास ती हृदयधमनीचे तोंडच झाकू शकते. त्यातून अचानक मृत्यूही ओढवल्याची नोंद आहे.

पूर्वी या गाठी बहुधा मृत्यूनंतरच सापडत. हृदय-फुप्फुस यंत्राच्या साहाय्याने मिक्सोमा यशस्वीपणे काढण्याची पहिली शस्त्रक्रिया स्वीडनमधील शल्यविशारद क्लॅरेन्स क्राफोर्ड यांनी १९५४ मध्ये केली. आता इकोकार्डिओग्राफी या वेदनारहित तपासणीत गाठ सहसा दिसून येते. लहान गाठीसाठी अन्ननलिकेतून केलेली इको अधिक उपयुक्त ठरते. तरुण वयात, जोखमीची नेहमीची कारणे नसताना झटका आला असेल, तर ही तपासणी टाळणे परवडणारे नाही.

मिक्सोमाचे निदान झाल्यावर शस्त्रक्रिया सहसा लांबवली जात नाही, कारण तुकडा केव्हा सुटेल याचा नेम नसतो. गाठ देठाच्या मुळासकट, पडद्याच्या लहान भागासह काढली जाते. ती पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण अल्प आहे. 'कार्नी कॉम्प्लेक्स' या आनुवंशिक विकारात मात्र ते बरेच अधिक असते. अशा कुटुंबांत जवळच्या नातेवाइकांचीही इको तपासणी करण्याचा सल्ला दिला जातो.