लॉकिंग हब, जुन्या जीपचे : झीज व बदल

लॉकिंग हब : फोर-व्हील ड्राइव्ह गाडीचे पुढचे चाक ॲक्सलला जोडणारा वा त्यापासून सोडवणारा, हाताने फिरवायचा खटका. चाकाच्या मध्यावरची चकती ‘लॉक’वर नेली की आतली सरकती कडी ॲक्सलच्या दात्यांवर बसते आणि दोन्ही एकत्र फिरतात. ‘फ्री’वर चाक आपल्या बेअरिंगवर मोकळे फिरते, ॲक्सल, डिफरन्शियल आणि पुढचा प्रोपेलर शाफ्ट थांबलेले राहतात. अमेरिकेत आर्थर वॉर्न यांनी 1948 मध्ये सुरू केलेल्या कंपनीने महायुद्धानंतर विक्रीला आलेल्या विलीज जीपसाठी असे हब बनवले. भारतात महिंद्राने 1947 मध्ये विलीज जीप जोडायला सुरुवात केली, तर मारुतीची जिप्सी 1985 मध्ये आली. या जुन्या गाड्यांचे हब झिजले की नवे आणून बसवणे एवढाच उपाय सहसा केला जातो. तो अपुरा आहे, कारण हब बहुधा स्वतःच्या दोषाने खराब होत नाही. त्यामागचे बेअरिंग, ग्रीस आणि वापरण्याची पद्धत त्याला खराब करतात.

सोलापूर–अक्कलकोट रस्त्यावरील वळसंगसारख्या (ता. दक्षिण सोलापूर) गावात हे विशेष लागू पडते. जिल्हा अवर्षणप्रवण, जमीन मोठ्या भागात काळी. पावसानंतर रानाला वाफसा येईपर्यंत चिखल चाकाला धरतो, तेव्हाच पुढच्या ॲक्सलची खरी गरज पडते. उरलेले महिने गाडी कोरड्या डांबरी आणि धुळीच्या रस्त्यांवर धावते. त्या काळात हब ‘फ्री’वरच राहतो, आत शिरलेले पाणी गंज चढवते, ग्रीस वाळते आणि ऐन चिखलात चकती अर्धीच फिरते. अर्धवट बसलेल्या कडीवर पूर्ण जोर आला की दात्यांच्या कडा गोल होतात. म्हणून काढलेला हब फेकण्याआधी तपासावा. दात्यांच्या फक्त टोकांची झीज म्हणजे कडी पुरती बसली नव्हती. तांबूस पूड म्हणजे गॅस्केटमधून पाणी गेले. बोल्टची भोके लांबट झाली असतील तर बोल्ट सैल असताना गाडी चालली.

बदलताना आधी चाक जॅकवर उचलून वर-खाली हलवून पाहावे. चाक खेळत असेल तर नव्या हबचाही निभाव लागत नाही, कारण बेअरिंग सैल असले की हबचे आवरण आणि ॲक्सलचे टोक एका रेषेत राहत नाहीत. विलीज घडणीच्या जीपमध्ये चाक फिरवत आतली नट चाक अडेपर्यंत आवळतात, मग सुमारे एक षष्ठांश फेरा मागे घेतात, लॉक वॉशर बसवतात आणि बाहेरची नट घट्ट करतात. नवा हब घेताना ॲक्सलच्या टोकाचे दाते (स्प्लाइन) मोजावेत. जुन्या विलीज ॲक्सलला ते 10 असतात, नंतरच्या काही ॲक्सलना 27. बेअरिंगला ग्रीस भरपूर लागते, पण हबच्या आत पातळ थरच पुरे. तिथे जाड ग्रीस ठासले की कडी सरकतच नाही.

खर्च वाचवण्यासाठी बिघडलेल्या बाजूचाच हब बदलावा, असे म्हटले जाते. दुसऱ्या बाजूचा हब उघडून तपासला आणि तो निर्दोष ठरला तर ते मान्य करता येईल. पण साध्या डिफरन्शियलमध्ये एका बाजूचा हब सुटला तर त्या बाजूचा ॲक्सल नुसताच फिरतो आणि चांगल्या हबच्या चाकालाही ओढ मिळत नाही. दोन्ही हबनी सारखेच पाणी आणि धूळ खाल्लेली असते, म्हणून जोडीने बदलणे पुढे स्वस्त पडते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : हब काढून चाक ॲक्सलला कायमचे जोडणारा ठोकळ फ्लँज लावला तर बिघडणारा भागच उरत नाही. गाडी रोज चिखलातच राबत असेल तर हे बरोबरच आहे. मात्र वर्षातला बहुतेक काळ डांबरावर धावणाऱ्या गाडीत ॲक्सल, डिफरन्शियल आणि शाफ्ट विनाकारण फिरत राहतात, आवाज व झीज वाढते आणि थोडे इंधनही जास्त लागते.

पडून राहिल्याने होणाऱ्या बिघाडाला बिनखर्चाचा उपाय आहे. महिन्यातून एकदा दोन्ही हब ‘लॉक’ करून, ट्रान्सफर केसचा (पुढच्या ॲक्सलकडे शक्ती वळवणाऱ्या पेटीचा) दांडा टू-व्हील ड्राइव्हवरच ठेवून काही किलोमीटर गाडी चालवावी. कोरड्या डांबरावर फोर-व्हील ड्राइव्ह जोडली तर वळणावर पुढची-मागची चाके एकमेकांना ओढतात आणि दाते ताणतात. पण ट्रान्सफर केस जोडलेला नसेल तर हब लॉक असूनही हा ताण येत नाही. ॲक्सलला तेल मिळते, चकती मोकळी राहते आणि ती जड जाऊ लागली तर ते पावसाआधीच कळते. ही सवय आणि बेअरिंगची दुरुस्ती टाळून केलेला बदल हा फक्त पुढच्या बिघाडाची तारीख लांबवतो.