ऑक्झिलरी युनिट्स

जर्मन सैन्य ब्रिटनच्या भूमीवर उतरलेच, तर त्याच्या पिछाडीला राहून घातपात व टेहळणी करण्यासाठी दुसऱ्या महायुद्धात उभारलेली गुप्त संघटना (१९४०–४४). घातपाती गस्ती तुकड्या आणि ‘स्पेशल ड्यूटीज’ ही हेरशाखा असे तिचे दोन भाग होते. दोन्ही शाखांतील माणसांना सहसा एकमेकांचा पत्ता नसे.

स्थापना : ब्रिटिश गुप्तहेर खात्याच्या ‘डी’ विभागाने १९४० च्या उन्हाळ्यात नागरिकांच्या हाती स्फोटके देण्याची एक योजना सुरू केली होती; ती लष्कराला रुचली नाही. फ्रान्सच्या पाडावानंतर हे काम कर्नल कॉलिन गबिन्स यांच्याकडे आले. आयर्लंडमधील बंडखोरीचा त्यांना अनुभव होता आणि गनिमी युद्धावर १९३९ मध्ये त्यांनी पुस्तिका लिहिल्या होत्या. १९४० च्या अखेरीस ते ‘एसओई’ (स्पेशल ऑपरेशन्स एक्झिक्युटिव्ह) या गुप्त संघटनेत गेले. केंटमध्ये प्रवासलेखक पीटर फ्लेमिंग यांनी पहिल्या तुकड्या बांधल्या. मुख्यालय व प्रशिक्षणकेंद्र कोल्सहिल हाउस या वाड्यात होते. तिकडे जाणारा प्रशिक्षणार्थी प्रथम हायवर्थच्या टपाल कार्यालयात जाई. पोस्टमास्तरीण मेबल स्ट्रँक्स त्याची ओळख पटवून दूरध्वनी करीत आणि मग त्याला न्यायला गाडी येई.

गस्ती तुकड्या : चार ते आठ जणांच्या. शेतकरी, शिकाररक्षक, क्वचित चोरटे शिकारीही. रानवाटा पायाखालच्या असणे हीच मुख्य पात्रता. कागदोपत्री हे लोक होमगार्ड या स्वयंसेवी संरक्षणदलाच्या २०१, २०२ व २०३ या बटालियनांत दाखवले जात. एकूण संख्या साधारण साडेतीन हजार मानतात. पन्हाळी पत्र्याचे भूमिगत अड्डे, झाकलेले प्रवेशद्वार, मागे सुटकेचे भुयार व सुमारे दोन आठवड्यांचा शिधा अशी व्यवस्था असे. त्यापुढे तुकडी तग धरील, अशी अपेक्षा नव्हती. गुपित जाणणाऱ्या स्थानिकांना ठार करण्याचे आदेश होते, असे काही माजी सैनिकांनी सांगितले आहे.

शस्त्रे : थॉमसन सबमशीनगन, फेअरबर्न-साइक्स खंजीर, प्लॅस्टिक स्फोटके, ठरावीक वेळाने पेटणाऱ्या ‘टाइम पेन्सिली’.

स्पेशल ड्यूटीज : संघटनेचा खरा नवा प्रयोग येथे आहे, घातपाती अड्ड्यांच्या रंजक कथांखाली तो झाकला जातो. गावातील पाद्री, डॉक्टर, गृहिणी अशा नागरिकांनी शत्रूच्या हालचाली टिपायच्या, चिठ्ठी पोकळ खांबात किंवा फाडलेल्या टेनिसच्या चेंडूत ठेवायची. तेथून ती लपवलेल्या ‘आउट’ केंद्रावर पोहोचे आणि मजकूर पुढे बिनतारी संचावरून पाठवला जाई. ‘टीआरडी’ हा संच रॉयल सिग्नल्सच्या तंत्रज्ञांनी खास या कामासाठी बनवला. तो अतिउच्च कंप्रतेवर चाले व त्यावर थेट बोलता येई, त्यामुळे नागरिकांना मोर्स शिकवावी लागत नसे. मात्र या लहरी डोंगराआड पोहोचत नाहीत; म्हणून केंद्रे उंचावर निवडली गेली आणि आकाशतारा झाडांच्या खोडांवर सालीखाली दडवून शेंड्यापर्यंत नेल्या. संदेश लष्करी मुख्यालयांजवळच्या ‘इन’ केंद्रांवर एटीएस या महिला दलातील अधिकारी घेत. त्यांच्या प्रमुख बिॲट्रिस टेंपल उमेदवारांना लंडनच्या हॅरॉड्स दुकानातील विश्रामकक्षात भेटत. १९४४ पर्यंत जाळ्यात ३० च्या आसपास ‘इन’ व सव्वाशेच्या आसपास ‘आउट’ केंद्रे होती. प्रत्यक्ष आक्रमणात दिशाशोधक यंत्रांपुढे ती किती काळ टिकली असती, याविषयी मतभेद आहेत.

विसर्जन : आक्रमणाचा धोका ओसरल्यावर नोव्हेंबर १९४४ मध्ये गस्ती तुकड्या विसर्जित झाल्या. त्यांच्या काही सैनिकांनी त्याआधीच एसएएस या विशेष लष्करी दलात भरती होऊन फ्रान्समध्ये लढाई केली होती. सदस्यांना कोटावर लावण्याचा छोटा बिल्ला मिळाला, जाहीर गौरव झाला नाही. डेव्हिड लँप यांच्या १९६८ मधील पुस्तकाने विषय लोकांपुढे आला. ही ‘प्रतिकार चळवळ’ होती की आक्रमणाच्या पहिल्या काही दिवसांपुरते लष्करी दल, यावर अभ्यासकांत एकमत नाही. शिध्याचे प्रमाण पाहता दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते. कोल्सहिल हाउस १९५२ मध्ये जळाले व पुढे पाडण्यात आले. लंडनच्या सेनोटाफ येथील संचलनात माजी सदस्य प्रथम २०१३ मध्ये सहभागी झाले.