राहत्या वाड्याची दुरुस्ती

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपले जुने लोक म्हणत. या म्हणीत तिसरी एक गोष्ट घालावी, असे आम्हांस अलीकडे वाटू लागले आहे; ती म्हणजे राहते घर दुरुस्त करून पाहावे. नवे घर बांधणारा रात्री जुन्या घरात जाऊन सुखाने झोपतो. राहत्या घराची दुरुस्ती काढणाऱ्याची चूल आज माजघरात, तर उद्या ओसरीवर. देव आज देवघरात, तर उद्या धान्याच्या कोठीवर. गेली दोन वर्षे आम्ही हा अनुभव घेत आहो, आणि त्या निमित्तानेच आपल्या भागातील जुन्या घरांच्या इतिहासाकडे वळलो. तेव्हा जी एक गोष्ट ध्यानात आली ती आपल्यापुढे ठेवावयाची आहे. आपले वाडे केवळ भक्कम बांधले होते म्हणून टिकले नाहीत. त्यांत राहूनच त्यांची दुरुस्ती करता येत होती, म्हणून ते टिकले.

वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट येथे मिळाला, तो १९३९ साली प्रसिद्ध झाला, आणि या शाखेच्या इतिहासावर नवा प्रकाश पडला. याच शाखेतील हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरविले. ते लेणे सुमारे दीड हजार वर्षे उभे आहे. पण वराहदेव स्वतः ज्या घरात जेवला आणि झोपला, ते घर कोठे आहे? दगडात कोरलेले लेणे माणसांवाचून राहू शकते. लाकूड, वीट आणि माती यांचे घर राहू शकत नाही. माणसे निघून गेली की थोड्याच पावसाळ्यांत ते मातीस मिळते.

ही मातीही समजून घेतली पाहिजे. आपल्याकडे गावाच्या वस्तीला पांढरी आणि शेतजमिनीला काळी म्हणतात. हा केवळ रंगाचा भेद नव्हे. कपाशीची काळी जमीन पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून हात जाईल एवढ्या भेगा पाडते. तिच्यावर उभे केलेले घर दर वर्षी थोडे वर उचलले जाते आणि थोडे खाली बसते. म्हणून जाणता गवंडी मुरूम लागेपर्यंत पाया खणी, आणि भिंतीला व छपराला काळी माती न वापरता पांढरी वापरी.

जमीन हलणारी असेल, तर घरालाही थोडे हलता आले पाहिजे. ही सोय सुताराने केली. वाड्याचा भार मुख्यतः भिंतींवर नसून सागवानी सांगाड्यावर असे. दगडी तळखड्यावर खांब, खांबावर तुळई, तुळईवर कड्या, आणि हे सारे कुसवात बसविलेले. दोन खांबांमधील अंतर म्हणजे खण. घर किती मोठे, हे आपले लोक फुटांत न सांगता खणांत सांगत. या खणांतच सारे रहस्य आहे. खांबाचा पाय कुजला, तर शेजारी टेकू लावून तुळई तोलून धरावयाची, कुजका भाग कापून काढावयाचा आणि नवा तुकडा सांधावयाचा. भिंत ढासळली, तरी छप्पर सांगाड्यावर उभे राही. एका खणाचे काम चालले की कुटुंब शेजारच्या खणात सरके. आजोबांच्या वेळी दोन खण, वडिलांच्या वेळी तीन, अशा रीतीने दोन-तीन पिढ्यांत सगळा वाडा नवा होई, आणि त्या काळात एकही दिवस घरातील दिवा विझत नसे.

छपराचेही तसेच. धाब्याच्या घरावर कड्या, त्यांवर फळ्या किंवा पऱ्हाट्या, त्यांवर माती, आणि सर्वांत वर पाणी न पिणारी पांढरी. मृग लागण्यापूर्वी गच्चीवर चढून भेगा बुजविणे हे घरच्या माणसांचेच काम होते. आपण आज ज्याला मोठा खर्च म्हणतो, तो तेव्हा दर वर्षीच्या दोन दिवसांच्या श्रमात वाटलेला होता.

कारंजा लाड हे या दृष्टीने आपल्या जिल्ह्यातील मोठे शिकण्याचे ठिकाण आहे. १६७० साली सुरतेच्या दुसऱ्या लुटीनंतर शिवाजी महाराजांच्या फौजेने कारंज्यावर चाल केली, एवढी तेथील पेठ संपन्न होती. तेथील कस्तुरीच्या हवेलीच्या चुन्यात एका सावकाराने कस्तुरी कालविली, अशी आख्यायिका आहे. तिची खातरी कोणी द्यावी! पण चुन्यात काय कालवावे याचा विचार लोक करीत, हे खरे. गूळ, हिरडा, बेलफळ असे पदार्थ घालून बैलाच्या घाणीत चुना मळला जाई. वाशीमचे बालाजी मंदिर भवानी काळू यांनी उभारले व ते १७७९ साली पुरे झाले. दगडाची आणि चुन्याची कामे त्या काळी आपल्याकडे कोणत्या तोलाची होत, याची साक्ष ते आजही देते.

पुढे काळ बदलला, तशी घरेही बदलली. १८६१ ते १८६५ या वर्षांत अमेरिकेत यादवी युद्ध झाले आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे मोल आले. १८६७ साली मुंबईची रेल्वे नागपुरास पोहोचली. १९०३ साली कारंज्यावरून जाणारी मूर्तिजापूर–यवतमाळ ही अरुंद रेल्वे झाली. रेल्वेच्या सोयीने कौले व लोखंडी पत्रे लांबून आणणे सोपे झाले. देवडीची दुकाने झाली, धाबी जाऊन पत्रे चढले. त्या अरुंद रुळांवरून आज गाडी धावत नाही. पण सांगाडा शाबूत असल्यामुळे हे सारे फेरफार सोसून अनेक वाडे मात्र राहते राहिले.

मग सिमेंट आले. १९१४ साली पोरबंदरला त्याचा कारखाना सुरू झाला. सिमेंटने देशावर मोठे उपकार केले आहेत, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु मातीच्या भिंतीला ते मानवत नाही, हे आम्ही स्वतःच्या पैशाने शिकलो. आमच्या माजघराच्या भिंतीला ओल येई, म्हणून आम्ही तिला सिमेंटचा गिलावा करविला. पहिले वर्ष भिंत आरशासारखी दिसली. दुसऱ्या पावसाळ्यात ओल कमरेपासून डोक्यापर्यंत चढली, आणि तिसऱ्या वर्षी भिंतीची माती घेऊनच गिलावा खाली आला. चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती आत कोंडते. दोष सिमेंटचा नव्हता; विचारल्यावाचून घाई करणाऱ्या आमचा होता.

जुने ते सर्व सोने, असेही आम्ही म्हणत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने हजारो माणसे झोपेतच गाडली. तेथील दगडमातीच्या जाड भिंतींत आरपार जाणारे दगड नव्हते. दर वर्षी जुनी माती न काढता नवी चढवीत गेल्याने माळवदांवर दीड-दोन फुटांचा थर साचला होता. म्हणजे दुरुस्तीची चाल राहिली, पण तिच्यामागची समज गेली. समजेवाचून केलेली दुरुस्ती घराला तारीत नाही. ती घरावर केवळ ओझे चढविते.

आणखी एक अडचण कागदाची आहे. १९५६ च्या वारसा कायद्याने आणि २००५ च्या दुरुस्तीने लेकींना त्यांचा न्याय्य वाटा दिला. भावाभावांच्या वाटण्या तर पूर्वीपासूनच होत्या. पण वाटणी करताना आपण खोल्या वाटतो आणि तुळई विसरतो. एकाच तुळईचे एक टोक एकाकडे, दुसरे दुसऱ्याकडे. गळते एकाच्या डोक्यावर, आणि कुजते दुसऱ्याच्या घरात. कोणीच हात लावीत नाही. छप्पर, तुळया आणि सामाईक भिंती यांचा खर्च कोणी किती सोसावा, हे वाटणीपत्रातच लिहून ठेवले, तर कितीतरी वाडे वाचतील.

वाडा पाडावा की राखावा, हा प्रश्न आज आपणांपैकी अनेकांच्या घरी आहे. ज्याचा सांगाडाच गेला, तो वाडा मोहापायी ठेवून माणसांचे जीव धोक्यात घालू नयेत. पण पाडण्याचे ठरविण्याआधी एक जाणता सुतार आणि एक अभियंता यांना बोलावून प्रत्येक खांबाचा पाय व तुळईचे टोक तपासून घ्यावे. आमच्या घरी अकरा खांबांपैकी तीनच कुजलेले निघाले. त्या तिघांसाठी बाकीचे आठ पाडावयास आम्ही निघालो होतो.

अजून दोन खणांचे काम राहिले आहे. चूल सध्या ओसरीवर आहे. मृगापूर्वी ती माजघरात जावी, एवढीच आमची खटपट आहे.