झिनअ‍ॅडसबएफएक्स
झिनअ‍ॅडसबएफएक्स : संगणकावर चालणारा मुक्तस्रोत सॉफ्टवेअर सिंथेसायझर. रुमानियाचे प्रोग्रामर नास्का ऑक्टाव्हियन पॉल यांनी हौसेने लिहिलेला हा प्रोग्राम २००२ मध्ये जीपीएल परवान्याखाली खुला झाला. भाषा सी प्लस प्लस. मुख्यतः लिनक्सवर वापर. विंडोज व मॅकवरही चालतो.

रचना : ध्वनिनिर्मितीची तीन यंत्रे : अ‍ॅडसिंथ, सबसिंथ व पॅडसिंथ. अ‍ॅडसिंथमध्ये प्रत्येकी स्वतंत्र ऑसिलेटर असलेले आठ ‘व्हॉइस’ एकत्र वाजतात. सबसिंथ पांढऱ्या गोंगाटातून गाळण्या लावून हार्मोनिक वेगळे काढतो. एकूण सोळा पार्ट, म्हणजे स्वतंत्र वाद्यांच्या जागा. स्काला पद्धतीच्या स्वरसप्तकांची फाइल वाचता येत असल्याने सूक्ष्म स्वरांतरे मिळतात.

पॅडसिंथ : पॉल यांचे खरे कर्तृत्व येथे आहे. नेहमीच्या पद्धतीत प्रत्येक हार्मोनिक म्हणजे वर्णपटातील एक बारीक रेघ. पण वृंदात दहा व्हायोलिने एकच स्वर वाजवतात तेव्हा कोणतीही दोन तंतोतंत जुळत नाहीत, आणि नादाचा भरीवपणा त्यातूनच येतो. पॉल यांनी म्हणून प्रत्येक रेघेला रुंदी दिली. ही रुंदी सेंटमध्ये, म्हणजे स्वरांतराच्या मापात, ठरते आणि वरच्या हार्मोनिकांकडे जाताना हर्ट्‌झमध्ये वाढत जाते. मग सर्व कंप्रतांना यादृच्छिक फेज देऊन एकच मोठे व्यस्त फूरिये रूपांतर करायचे आणि ध्वनिनमुन्यांचा तक्ता मिळवायचा. पॉल यांच्या नमुना-संहितेतील २,६२,१४४ नमुन्यांचा तक्ता ४४,१०० हर्ट्‌झला सुमारे सहा सेकंद वाजतो. तो आवर्ती असल्याने पुन्हा सुरू होताना सांध्यावर ‘टक्’ असा आवाज येत नाही. गैरसोय एवढीच, की घटक बदलले की तक्ता नव्याने मोजावा लागतो. त्यासाठी खिडकीत वेगळे बटण आहे. ही कृती पॉल यांनी सार्वजनिक मालकीची म्हणून जाहीर केली. इतर सिंथेसायझरांनी ती उचलली, हे तिच्या मोलाचे पुरेसे प्रमाण मानावे.

यादृच्छिक फेजचीच युक्ती पॉल यांच्या पॉलस्ट्रेच या प्रोग्राममध्ये दिसते. तो ध्वनिमुद्रण कितीही पट लांबवतो. २०१० मध्ये जस्टिन बीबरचे एक गाणे आठपट संथ केलेल्या रूपात इंटरनेटवर गाजले, ते रूप याच साधनाने केलेले.

शाखा : २००९ मध्ये २·४ आवृत्तीवरून अ‍ॅलन कॅल्व्हर्ट यांनी ‘योशिमी’ ही लिनक्सपुरती शाखा काढली. तिचा भर प्रत्यक्ष वादनातील वेग व स्थैर्यावर होता. पुढे तिची जबाबदारी विल गॉडफ्री यांच्याकडे गेली. कोणती शाखा सरस, याविषयी वापरकर्त्यांत एकमत नाही.

मूळ प्रकल्प पुढे मार्क मॅकरी यांनी चालवला. तिसऱ्या आवृत्तीबरोबर ‘झिन-फ्यूजन’ हे नवे दृश्य रूप आले. त्याच्या तयार प्रती विकत दिल्या गेल्या. संहिता मात्र खुली आहे.

वितरण : एलएमएमएस या संगीतरचना-प्रोग्रामात अंगभूत वाद्य म्हणून समाविष्ट.