‘कुस्तो’ आणि ‘क्रिस्तो’ : डॉ. भांडारकरांच्या धर्मविचारातील ख्रिस्ती प्रश्न

इ. स. १९१३ मध्ये स्ट्रासबुर्ग येथून डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचा ‘वैष्णविझम, शैविझम अँड मायनर रिलिजस सिस्टिम्स’ हा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यातील आभीरांसंबंधीच्या विवेचनात त्यांनी असे प्रतिपादिले आहे की, गोकुळातील बाळकृष्ण हा मूळच्या वासुदेवाहून भिन्न असून त्याची उपासना आभीर या भटक्या पशुपालक टोळ्यांनी ख्रिस्ती शकाच्या आरंभीच्या काळात या देशात आणली. इतकेच नव्हे, तर या टोळ्यांनी येताना ख्रिस्ताचे नावही बरोबर आणले असणे शक्य आहे. याला आधार म्हणून त्यांनी एक भाषिक वस्तुस्थिती पुढे केली. गोमंतकातील व बंगालमधील लोक ‘कृष्ण’ या नामाचा उच्चार ‘कुस्तो’ किंवा ‘क्रिस्तो’ असा करतात. तेव्हा आभीरांचा ख्रिस्त हाच संस्कृतातील कृष्ण म्हणून ओळखला गेला असावा, असा त्यांचा तर्क होता.

हे विधान वाचून त्या काळच्या अनेक वाचकांना धक्का बसला. तो स्वाभाविकही होता, कारण भारतीय भक्तिमार्ग ख्रिस्ती धर्मापासून उसना घेतलेला नाही, हे पुराव्यानिशी सिद्ध करण्यात ज्यांनी चाळीस वर्षे घालविली, त्यांच्याच लेखणीतून ते उतरले होते.

भांडारकरांचा जन्म ६ जुलै १८३७ रोजी मालवण येथे झाला. आज सिंधुदुर्ग जिल्हा म्हणून ओळखला जाणारा मुलूख (हा जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला) त्या वेळी रत्नागिरी जिल्हा व सावंतवाडी संस्थान यांत विभागलेला होता. वडील महसूल खात्यात कारकून होते. १८४७ साली ते रत्नागिरीस आले आणि मुलाच्या इंग्रजी शिक्षणाची सोय झाली. तोवरचे बालपण ज्या किनाऱ्यावर गेले, तेथे गोमंतकातून आलेली ख्रिस्ती कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या हिंदू शेजाऱ्यांबरोबर नांदत होती. पोर्तुगीज भाषेतील शब्दापासून सिद्ध झालेले ‘किरिस्ताव’ हे नाम या भागाच्या बोलीत इतके रुळले आहे की त्याचे परकेपण कोणास जाणवत नाही. याच किनाऱ्याच्या दक्षिणेस, साष्टीत, फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठी ओवीत ‘क्रिस्तपुराण’ रचले आणि ते १६१६ साली छापून निघाले. तात्पर्य, कृष्णाच्या नावाचा अपभ्रष्ट उच्चार आणि ख्रिस्ताचे पोर्तुगीज नाव हे दोन्ही एकाच बाजारपेठेत कानी पडावेत, अशी ही भूमी होती. भांडारकरांनी उदाहरण गोमंतकाचे दिले. ते त्यांना ग्रंथांतून शोधावे लागले नसावे, असे अनुमान करण्यास हरकत नाही.

परंतु या विधानाचे महत्त्व कळण्यासाठी त्याच्या मागचा वाद पाहिला पाहिजे. बर्लिनचे पंडित वेबर यांनी १८६७ साली कृष्णजन्माष्टमीवरील आपल्या प्रबंधात बाळकृष्णाच्या उपासनेवर ख्रिस्ती छाया असल्याचे मत मांडले. त्यानंतर दोन वर्षांनी लोरिन्सर यांनी गीतेचे जर्मन भाषांतर प्रसिद्ध करून गीतेतील अनेक वचने नव्या करारावरून घेतली असल्याचा दावा केला. या मतांचे पडसाद मुंबईत उमटणे अपरिहार्य होते. काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनी १८७५ सालच्या आपल्या गीतेच्या पद्यानुवादाच्या प्रस्तावनेत लोरिन्सर यांचे सविस्तर खंडन केले. भांडारकरांनी त्याच्या आदल्या वर्षीच, १८७४ मध्ये, ‘इंडियन अँटिक्वरी’त पतंजलीच्या महाभाष्यातील कृष्णविषयक उल्लेख एकत्र करून दाखविले. पतंजलीचा काळ ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकाच्या मध्यास येतो, हे त्यांनी त्यापूर्वीच साधार मांडले होते. तेव्हा कंसवधाची कथा आणि वासुदेवाचे देवत्व ही ख्रिस्ताच्या जन्माआधी दीडशे वर्षे लोकांस ठाऊक होती, हे निर्विवाद झाले. पुढे बेसनगरचा हेलिओडोरसचा गरुडध्वज, घोसुंडीचा लेख आणि आपल्या नाणेघाटातील लेख यांनी या मताला शिलालेखांची जोड मिळाली, आणि १९१३ च्या ग्रंथात भांडारकरांनी या सर्वांचा उपयोग केला. नारायणीय आख्यानातील श्वेतद्वीप म्हणजे ख्रिस्ती लोकांचा देश, ही कल्पनाही त्यांनी त्याच ग्रंथात अमान्य केली आहे.

हा वाद निव्वळ पांडित्याचा नव्हता. भांडारकर हे प्रार्थनासमाजाचे आधारस्तंभ होते, आणि समाजावरील सर्वांत बोचरा आक्षेप म्हणजे तो आडवाटेने आणलेला ख्रिस्ती धर्म आहे, हा होता. एक ईश्वर, मूर्तिपूजेचा त्याग, सामुदायिक उपासना, आठवड्यातील ठराविक दिवशी प्रवचन ही बाह्य लक्षणे पाहता आक्षेपकांना पुरावा फार शोधावा लागत नसे. भांडारकर मात्र समाजाची मुळे तुकारामादी संतांच्या भक्तीत आहेत असे मानीत आणि पुण्याच्या समाजात मराठीतून प्रवचने करीत. तुकारामाच्या गाथेची १८६९ ते १८७३ या काळात निघालेली सरकारी आवृत्ती समाजाच्या उपासनेस फार उपकारक ठरली. तिचे एक संपादक शंकर पांडुरंग पंडित हेही याच मुलखातले, कुडाळजवळच्या बांबुळीचे, ही गोष्ट जाता जाता नमूद करण्यासारखी आहे.

समाजाच्या आधीचा अध्याय परमहंस सभेचा. १८४९ च्या सुमारास मुंबईत निघालेल्या या गुप्त सभेत प्रवेश करणाऱ्यास ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा लागे. पावाच्या एका तुकड्याने जातिबंधन तुटल्याची खात्री पटत असे. मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंग हे या सभेचे प्रेरक, तर एल्फिन्स्टनचे विद्यार्थी असलेले भांडारकर आणि बेळगावचे बाबा पदमनजी हे सभासद. एकाच सभेतून तीन वाटा फुटल्या. बाबा पदमनजींनी १८५४ साली बाप्तिस्मा घेतला आणि तीन वर्षांनी विधवांच्या दुःस्थितीवर ‘यमुनापर्यटन’ लिहिले. दादोबांनी उतारवयात, १८७८ मध्ये, स्वीडनबोर्ग या ख्रिस्ती गूढवाद्याच्या ग्रंथांवर आदरपूर्वक इंग्रजी पुस्तक लिहिले, पण धर्म बदलला नाही. भांडारकर संशयाच्या त्या काळातून निघून प्रार्थनासमाजात स्थिरावले. कोणताही ग्रंथ प्रमादरहित नाही आणि ईश्वर अवतार घेत नाही, ही समाजाची भूमिका त्यांना मानवली. या भूमिकेमुळे गीतेची प्रतिष्ठा त्यांच्या लेखी तिच्या उगमावर अवलंबून राहिली नाही, आणि म्हणूनच आभीरांविषयीचे ते धाडसी विधान ते निःशंकपणे करू शकले, असे मानावे लागते. ज्याची श्रद्धा पुराव्याच्या एखाद्या तपशिलाने ढळण्याजोगी असते, तो असे वाक्य छापीत नाही.

मात्र हीच निःशंकता व्यवहारात नेहमी टिकली, असे नाही. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत उघडलेले आणि पुढील वर्षी पुण्यास हलविलेले ‘शारदासदन’ हे त्याचे उदाहरण होय. रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडातील वाँटेज येथे झाला होता, परंतु त्यांचे ख्रिस्तीपण मठवासिनींना रुचेल असे आज्ञाधारक नव्हते. त्रैक्याच्या सिद्धान्ताविषयी त्यांना गंभीर शंका होत्या. धर्माधिकाऱ्यांच्या शब्दापेक्षा स्वतःचा विवेक त्या श्रेष्ठ मानीत. क्रुसावरील अक्षरे लॅटिनमध्ये का असावीत, हा त्यांचा प्रश्न भाषेच्या अभ्यासकास विशेष मननीय वाटेल. लॅटिन पवित्र असेल, तर संस्कृत का नव्हे, असा त्याचा आशय होता. सदनास पैसा पुरविणाऱ्या बोस्टनच्या मंडळाचे पहिले अध्यक्ष एडवर्ड एव्हरेट हेल हेही उदारमतवादी युनिटेरियन धर्मोपदेशक होते, आणि सदनात धर्मशिक्षण द्यावयाचे नाही, असे ठरले होते.

रानडे व भांडारकर सदनाच्या सल्लागार मंडळात होते. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत तेव्हा दार बंद करीत नसत, आणि काही मुली येऊन बसत. यावरून ओरड झाली, ‘केसरी’ने टीकेची झोड उठविली आणि १८९३ साली या दोघांनी, संस्था तटस्थ राहिली नाही असे कारण देऊन, राजीनामे दिले. पालकांनी कित्येक मुलींना सदनातून काढून नेले. यात भांडारकरांची अडचण समजण्याजोगी आहे. दोनच वर्षांपूर्वी, १८९१ मध्ये, त्यांनी आपल्या विधवा कन्येचा पुनर्विवाह करून ज्ञातीचा रोष ओढवून घेतला होता. त्याच वर्षी संमतिवयाच्या वादात शास्त्राधार दाखवून ते सुधारणेच्या बाजूने उभे राहिले होते. सुधारणा म्हणजे धर्मांतराची पूर्वतयारी, हा समज एकदा रुजला असता तर विधवांच्या शिक्षणाचे सर्वच कार्य थांबले असते, ही भीती अनाठायी नव्हती. तथापि एक गोष्ट झाकता येत नाही. सर्व धर्मांत ईश्वरी सत्याचा अंश आहे असे शिकविणाऱ्या पुरुषांना उघड्या दारातून ऐकू येणारी प्रार्थना सहन झाली नाही, आणि त्याची किंमत ज्यांनी मोजली त्या मुलींचे मत कोणी विचारले नाही. १८९५ साली पुण्याच्या सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद भांडारकरांकडे आले, तेव्हा राष्ट्रसभेच्या मंडपात परिषद भरू देण्यासही टिळकपक्षीयांनी विरोध केला. तटस्थता राखल्याने विरोधकांचे समाधान झाले नव्हते, हे यावरून उघड होते.

उदार ख्रिस्ती विचाराशी समाजाचा संबंध यानंतरही तुटला नाही. विठ्ठल रामजी शिंदे १९०१ ते १९०३ या काळात ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात युनिटेरियनांच्या शिष्यवृत्तीवर धर्मांचा तौलनिक अभ्यास करून आले आणि १८ ऑक्टोबर १९०६ रोजी त्यांनी मुंबईत अस्पृश्यवर्गासाठी मिशन स्थापिले. ‘मिशन’ हा शब्दच त्यांनी ख्रिस्ती व्यवहारातून उचलला होता. त्यांनी १९१२ साली पुण्यात भरविलेल्या अस्पृश्यतानिवारण परिषदेचे अध्यक्ष पंचाहत्तर वर्षांचे भांडारकर होते.

आता पुन्हा ‘कुस्तो’कडे वळावयाचे. या तर्काचे ऐतिहासिक खंडन हेमचंद्र रायचौधुरी यांनी १९२० साली वैष्णव संप्रदायाच्या इतिहासावरील आपल्या ग्रंथात केले. आभीर ख्रिस्तोत्तर पहिल्या शतकात आले असते, तर महाभाष्यात ‘शूद्राभीरम्’ हा समास आला नसता. पतंजलीचा काळ निश्चित करणारे स्वतः भांडारकरच. त्यांच्या १८७२ सालच्या कालनिर्णयानेच त्यांचा १९१३ सालचा तर्क बाधित झाला.

भाषाशास्त्रीय आक्षेप याहूनही बळकट आहे. संस्कृत ‘ष्ण’ या संयोगाचे प्राकृतात ‘ण्ह’ होते : उष्ण – उण्ह, विष्णु – विण्हु, कृष्ण – कण्ह. हालाच्या गाथासप्तशतीत हेच ‘कण्ह’ रूप आढळते, आणि त्यापासूनच मराठीतील कान्हा, कान्होबा ही रूपे परंपरेने आली. ‘कुस्तो’, ‘क्रिस्तो’ ही मात्र अर्धतत्सम रूपे होत. पंडितांकडून पुन्हा घेतलेला संस्कृत शब्द बोलणाऱ्यांच्या जिभेवर वाकडा झाला आणि अनुनासिकाच्या जागी स्पर्श वर्ण आला. ही घटना अर्वाचीन बोलींची आहे. पहिल्या शतकातील गवळी ‘कृष्ण’ म्हणत नव्हता, ‘कण्ह’ म्हणत होता, आणि ‘कण्ह’ व ‘ख्रिस्त’ या दोहोंत कानाला गोंधळात टाकणारे साम्य काहीच नाही. तत्सम व तद्भव शब्दांचा भेद १८७७ सालच्या विल्सन भाषाशास्त्रीय व्याख्यानांत भांडारकरांनीच विस्ताराने शिकविला होता. ही व्याख्याने ज्या रेव्हरंड जॉन विल्सन यांच्या नावाने चालत, ते स्कॉटिश मिशनरी होते. अनुनासिकाच्या जागी स्पर्श येण्याची हीच प्रवृत्ती भांडारकरांनी त्याच ग्रंथात विठ्ठलाच्या नावासंबंधी अधिक काटेकोरपणे लावली आहे. ‘विष्णू’चे कानडी ‘बिट्टि’ आणि त्यावरून ‘विठ्ठल’, ही त्यांची व्युत्पत्ती होयसळ राजा बिट्टिदेव ऊर्फ विष्णुवर्धन याच्या नावामुळे आधारित ठरते. तेथे त्यांनी रूपाचा प्रदेश आणि काळ दोन्ही पाहिले. किनाऱ्यावरच्या ओळखीच्या उच्चारापुरती ती सावधगिरी सुटली.

रमाबाईंनी आयुष्याची अखेरची वर्षे केडगावच्या मुक्तिसदनात बायबलच्या मराठी भाषांतरात घालविली. प्रचलित भाषांतरातील संस्कृतप्रचुर शब्द हिंदू कल्पनांनी भारलेले आहेत आणि खेड्यातील बाईस कळत नाहीत, म्हणून त्यांनी ग्रीक व हिब्रू शिकून सोपी मराठी योजिली. क्रुसावर लॅटिनऐवजी संस्कृत मागणाऱ्या विदुषीने शेवटी संस्कृतही सोडले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या निवर्तल्या. भांडारकरांचे निधन २४ ऑगस्ट १९२५ रोजी झाले. त्यांच्या नावाच्या संशोधनमंदिराने पुढे त्यांचे समग्र लेखन चार खंडांत छापले. चौथ्या खंडात १९१३ चा तो ग्रंथ समाविष्ट आहे, आणि आभीरांच्या प्रकरणात ‘कुस्तो’ व ‘क्रिस्तो’ ही दोन्ही रूपे आजही वाचावयास मिळतात.